कोरडी म्हणून निवडलेली घळ

दिवाळी आटोपली की स्वानंद कोलारकर सर घळी शोधायला लागत. सर यवतमाळच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायचे. पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला कोणीही जातं. सरांना हिवाळ्यातल्या, पाणी आटून गेलेल्या घळी हव्या असत. दोन्ही बाजूंनी काळा कातळ, मध्ये कुठं दोन माणसं मावतील तर कुठं एकाला आडवं होऊन सरकावं लागेल एवढीच फट, आणि वाटेत उंच कोरडे कडे. वरच्या तोंडानं शिरायचं, एकेक कडा दोरावरून उतरायचा, सगळे उतरले की दोर खाली ओढून घ्यायचा आणि पुढं निघायचं. एकदा दोर ओढला की मागं फिरता येत नाही. म्हणून सर नव्या माणसांना बजावत, "उतरणं सोपं आहे. खरं काम घळ निवडण्याचं."

या कामात नऊ हिवाळे त्यांच्यासोबत होता तो संघर्ष मुनेश्वर. घाटंजीचा. सात वर्षं हैदराबादला दोरावर लटकून उंच इमारतींच्या काचा पुसल्या, मग आईला, इंदूबाईला, एकटं ठेवता येईना म्हणून परत आला आणि मोबाइल टॉवरच्या दुरुस्तीला लागला. दोर, गाठी, कप्प्या यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. घळीत सगळे त्याच्या दोरावर बिनधास्त लटकायचे. पण कोणत्या घळीत जायचं हे मात्र सर ठरवत. सरांच्या जाड वहीत दर वर्षीचं एक पान असे, आणि त्यावर 'निवड' या शब्दापुढं नऊही वर्षं सरांचीच सही होती.

सरांचे नियम साधे होते. घळीच्या वर तलाव किंवा बंधारा नको. तीन आठवड्यांत पाऊस नको. आणि घळ आधी दोघांनी पूर्ण उतरून पाहिलेली हवी, तीही दोर न ओढता, म्हणजे अडलं तर त्याच दोरावरून परत येता येतं. हिवाळ्यात अंगावर साधे कपडे असतात. गळ्यापर्यंत गार पाणी लागलं तर माणूस तासाभरात गळून जातो, हे ते वर्गात शिकवल्यासारखं शांतपणे सांगत.

त्या वर्षी यादीत तीन घळी होत्या. दारव्ह्याकडच्या घळीच्या डोक्यावर तलाव निघाला. हरभऱ्याला पाणी सोडायचं ठरलं की तलावाचं दार उघडतं, त्याची तारीख कोणालाच आधी माहीत नसते. ती कटली. दुसरीत तिसऱ्या कड्यावरच आग्या मोहोळाची सात पोळी लोंबत होती. तीही कटली. उरला केळापूरच्या पलीकडचा चिचनाला. हा संघर्षनंच शोधलेला. एका टॉवरवर चढला असताना त्याला समोरच्या टेकडीत सुरीनं कापल्यासारखी काळी रेघ दिसली होती.

आणि नेमकं नोव्हेंबरात सरांना डेंग्यू झाला. संघर्ष भेटायला गेला तेव्हा सर पलंगावर उशीला टेकून बसले होते. गालफडं आत गेली होती.

"माझ्यात काही त्राण नाही," ते म्हणाले. "महिना जाईल. चिचनाला या वेळी तू बघ. रजतला ने सोबत, दोघं उतरून या. तू म्हणशील तर जाऊ, नाही म्हणशील तर राहिलं."

त्यांनी वही पुढं केली. त्या वर्षीच्या पानावर 'निवड' लिहून पुढं जागा सोडलेली होती.

"मी लिहू?" संघर्षनं विचारलं.

"मग कोण? नऊ वर्षं माझ्या मागं फिरलास ते काय पिशव्या उचलायला?"

संघर्ष हसला. घरी येताना मोटारसायकलवर त्याला उगाच मोठ्यानं गावंसं वाटत होतं.

रजत नागपूरचा, कंपनीत नोकरीला. त्याला डिसेंबरभर सुटी मिळेना. वाट पाहून पाहून शेवटी एका बुधवारी, त्याच बाजूला टॉवरचं काम निघालं तेव्हा संघर्ष एकटाच चिचनाल्यावर गेला. आधी खालच्या तोंडानं आत शिरला. पांढरी वाळू, पायाखाली कुरकुरणारं शेवाळ, ओल कुठंच नाही. दोनेकशे पावलांवर वीस फुटांचा उभा कडा आडवा आला. एकट्यानं चढण्यासारखा नव्हता. मग टेकडीला वळसा घालून वरच्या तोंडाशी गेला. तिथंही खडखडीत. पहिल्या कड्यावरून वाकून पाहिलं, तळाशी वाळलेली पानं पडली होती. मधला तीनशे मीटरचा टप्पा राहिला होता.

वरच बोरीच्या झाडाखाली शेळ्या राखत एक म्हातारा बसला होता. डोमाजी आत्राम. जवळच्या पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा.

"राम राम बाबा. या नाल्यात पानी असते का आता?"

"वाहतं पानी नाई," डोमाजी म्हणाला. "दसऱ्यालेच बंद होते."

"म्हंजे कोरडा."

"वरून कोरडा. अंदर हंडे हायेत ना. गोटा कोरला हाय पान्यानं, हंड्यावानी. त्याइच्यात असन."

"किती असन?"

"आता तितं कोन उतरते मोजाले?" डोमाजीनं हातातली काडी मोडली. "दोन साल झाले, माही एक शेरडी पडली. ओरडत होती दिवसभर. निघालीच नाई. चाला, दाखवतो. त्या तिकडून कडेकडेनं गेलं का बराबर हंड्याच्या डोक्यावर निघतो मानूस. अर्ध्या घंट्याची वाट हाय."

संघर्षनं मोबाइल पाहिला. तीन वाजता टॉवरवर पोचायचं होतं.

"नाई बाबा, ड्युटी हाय. पुढच्या खेपेले येतो."

जाताना त्यानं पोडावरच्या अंगणवाडीच्या रुखमाबाईंचा फोन नंबर तेवढा घेतला. सर प्रत्येक घळीसाठी जवळच्या गावातला एक नंबर लिहून ठेवायचे, तो राहून जाऊ नये म्हणून.

संध्याकाळी सरांचा फोन आला. हंड्यांचं सांगायचं ओठांवर आलं होतं त्याच्या. सांगितलं असतं तर सर म्हणाले असते, मग थांबू, रजत येईल तेव्हा दोघं उतरून या. रजत येणार कधी, जानेवारी सरणार कधी. फेब्रुवारीत कातळ तापतो, मोहोळं उठतात, तेव्हा सर कोणतीच घळ घेत नसत. म्हणजे चिचनाला पुढच्या वर्षावर. आणि पुढच्या वर्षी सर बरे झालेले असणार, सही त्यांचीच. हे सगळं त्याच्या मनात शब्दांनी आलं नाही, पण आलं. महिनाभर टिपूस नाही, हंड्यात असून असून किती असेल, गुडघाभर, असं त्यानं स्वतःला समजावलं.

"कोरडी हाय सर. खडखडीत."

"एकटाच गेलास? बरं, पूर्ण पाहिलीस?"

"हो."

"शाब्बास. लिही मग वहीत."

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी चौघं निघाले. सर, संघर्ष, सुटी मिळालेला रजत, आणि यवतमाळला बँकेत असलेली उर्वशी, जी तीन हिवाळे येत होती. सरांचा अशक्तपणा पुरता गेला नव्हता. त्यांची बायको मिताली म्हणाली होती, एक वर्ष नाही गेलात तर काय बिघडेल. त्यावर सर म्हणाले, संघर्षची पहिली घळ आहे, मी नाही तर कसं? दुपारी दोनपर्यंत फोन आला नाही तर रुखमाबाईंना फोन कर, असं नेहमीसारखं सांगून ते निघाले. कोरडी घळ म्हणून रबरी पोशाख घरीच ठेवले. हातोडा आणि खडकात ठोकायचे खिळे असलेली जड पिशवी जीपमध्येच राहू दिली. "कशाला ओझं?" सरच म्हणाले.

पहिला चाळीस फुटांचा कडा मजेत उतरला. सर उतरल्यावर वर पाहून ओरडले, "काय सुंदर शोधलीस रे!" कातळ इतका जवळ आला होता की आभाळाची फक्त निळी फीत दिसत होती. ऊन तळाला कधी पोचतच नसावं. दहा वाजताही बोटं गारठत होती. दोर ओढला. पुढं पंचवीस फुटांचा कडा. तोही उतरला, दोर ओढला. वळणावर पहिला हंडा लागला. खडकात कोरलेला गोल खड्डा, तळाशी वाळू आणि कसलीशी हाडं. संघर्षला डोमाजीची शेरडी आठवली. पण हंडा कोरडा होता. दुसऱ्यात घोट्याइतकं पाणी. उर्वशीनं बूट काढून हातात घेतले आणि हसत पार झाली.

तिसऱ्याच्या वर ते एका अरुंद कट्ट्यावर येऊन थांबले. खाली पंधरा फुटांवर काळं पाणी होतं, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. बाजूनं जायला बोटभर जागा नाही. पलीकडचा काठ आठ-नऊ पावलांवर, पण पाण्यापासून पुरुषभर उंच आणि रांजणाच्या गळ्यासारखा आत झुकलेला.

"हे वहीत नाही," सर म्हणाले. रागानं नाही, नुसतं म्हणाले.

संघर्ष पिशवीतून दोर काढायला लागला.

"कमरेएवढं असेल. उतरतो. उंच आहे मीच," सर म्हणाले.

"सर, मी जातो," संघर्ष म्हणाला.

"तू दोर बघ. तुझ्याशिवाय कोणाला जमणार?"

मोठ्या दगडाला पट्टा बांधून संघर्षनं दोर सोडला. सर उतरले. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, आणि पाय टेकेचनात. थंडीनं त्यांचा श्वास आत ओढल्याचा आवाज वर ऐकू आला. मग त्यांनी दोराची कडी सोडली आणि पोहत पलीकडं गेले. हात वर केला तर काठ अजून हातभर वर. कातळ गुळगुळीत, वर बुळबुळीत शेवाळ. ते उसळी मारायचे, हात घसरायचा, पुन्हा पाण्यात. रजतनं वाळू भरलेली पिशवी दोरीला बांधून पलीकडं फेकली, की तिच्या वजनावर सरांनी चढावं. तीनदा पिशवी घसरत परत आली. चौथ्यांदा अडकली, सरांनी भार टाकला, आणि पिशवी त्यांच्या डोक्यावरूनच खाली आली.

वीस मिनिटं गेली असतील. "परत या सर!" उर्वशी ओरडली. ते परत पोहत आले, दोर धरला, पण कडी अडकवता येईना. बोटं मिटतच नव्हती.

"हात... काम करत नाहीत," ते म्हणाले.

मग संघर्ष उतरला. पाण्यात शिरताच जणू कोणी छातीवर गुडघा रोवला. त्यानं सरांची कडी दोराला लावली, त्यांचं डोकं एका हातानं पाण्यावर धरलं आणि ओरडला, "ओढा!" वरून रजत आणि उर्वशीनं जीव तोडून ओढलं. भिजलेला माणूस, कड्याच्या धारेवर घासणारा दोर. दोघांच्यानं तो वीतभरही हलेना. शेवटी सरांना तसंच दोराला लटकतं ठेवून संघर्ष दुसऱ्या दोरावर गाठी सरकवत वर चढला. त्याचीही बोटं ऐकत नव्हती. चढायला दहा मिनिटं, कप्प्या लावायला दहा. मग तिघांनी मिळून इंच इंच ओढून सरांना कट्ट्यावर घेतलं. सव्वा वाजला होता. सर पाऊण तासाच्या वर पाण्यात होते.

त्यांचे ओठ निळे पडले होते आणि अंग इतकं कापत होतं की दात आपटल्याचा आवाज कातळावरून परत येत होता. सगळ्यांचे कोरडे कपडे काढून त्यांच्यावर घातले. उर्वशी आणि रजत दोन्ही बाजूंनी त्यांना चिकटून बसले. जाळायला काडी नव्हती. फोनला रेंज नव्हती. मागचा पंचवीस फुटांचा कडा, त्यावरचा दोर त्यांनी स्वतःच ओढून आणलेला. संघर्ष ओल्या अंगानं पुन्हा एकदा पाण्यात उतरला, पलीकडचा काठ चाचपला, नखं फुटेस्तोवर धडपडला आणि परत आला. जीपमधले चार खिळे असते तर तो पाच मिनिटांत वर गेला असता.

अडीचच्या सुमारास सरांचं कापणं थांबलं.

"थांबली थंडी," रजत म्हणाला. "ऊब आली बघा."

संघर्षलाही तसंच वाटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सर बोलायला लागले. "रोल नंबर एक. रोल नंबर दोन. तीन?... तीन कुठं आहे?" त्यांनी अंगावरचं जर्किन ओढून काढायला सुरुवात केली. उर्वशी ते पुन्हा घालायची, ते पुन्हा काढायचे. "गरम होतंय गं. खिडकी उघडा ना." सतरापर्यंत हजेरी घेतली. अठराला थांबले. पुन्हा एकपासून सुरू केलं. आवाज बारीक होत गेला. साडेतीन वाजता संघर्षनं त्यांच्या गळ्यावर बोट ठेवलं आणि ते तिथंच ठेवून बसला. बाकीच्या दोघांना सांगायला त्याला बराच वेळ लागला.

चार वाजून गेल्यावर वरून हाका आल्या. दोन वाजता मितालीनं रुखमाबाईंना फोन केला होता. रुखमाबाईंनी पोडावरची माणसं गोळा केली, आणि कुठं शोधायचं यावर चर्चा झालीच नाही. डोमाजी म्हणाला, "हंड्यावर चाला," आणि कडेकडेच्या वाटेनं सगळ्यांना नेमकं डोक्यावर घेऊन आला. विहीर उपसायचे दोर एकाला एक बांधून त्यांनी खाली सोडले. आधी उर्वशी, मग रजत, मग सर, शेवटी संघर्ष. वर आल्यावर कोणीतरी त्याच्या अंगावर घोंगडी टाकली. डोमाजी समोर उभा होता. दोघांची नजरानजर झाली. डोमाजीनं मान फिरवली आणि शेळ्यांकडं निघून गेला.

पोलिसांनी सगळ्यांचे जबाब घेतले. डोमाजीलाही विचारलं, या लोकांना तू पाण्याचं काही सांगितलं होतंस का? डोमाजी म्हणाला, "मले कोनी काई इचारलं नाई साहेब. मी कायले सांगू?" सांगितलं होतं म्हणावं तर मग पुढं चार प्रश्न, चार खेपा, त्यानं आयुष्यभर पोलिसांना टाळलं होतं. संघर्षनं सांगितलं, घळ कोरडी दिसली. अपघात म्हणून नोंद झाली. उर्वशी आणि रजत लोकांना सांगत होते, संघर्षनं जिवाची पर्वा न करता दोनदा पाण्यात उडी घेतली. सरांच्या घरी येणारा जाणारा त्याच्या पाठीवर हात ठेवायचा. संघर्षला त्या हाताखाली उभं राहवत नसे.

तेरावा झाल्यानंतर चार दिवसांनी, दुपारी, तो मितालीकडं गेला. ती एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करायची, पण अजून कामावर जात नव्हती. तिनं दार उघडलं, चहाचं विचारलं. तो नको म्हणाला आणि उभाच राहिला.

"वहिनी, मले एक सांगायचं हाय."

"बस तरी."

"उभ्यानंच सांगतो." आणि त्यानं सांगितलं. अर्धीच घळ पाहिली. डोमाजी काय म्हणाला. सरांनी फोनवर काय विचारलं आणि आपण काय बोललो.

मिताली खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "तो म्हातारा काय म्हणाला, परत सांग. त्याचेच शब्द."

"वरून कोरडा. अंदर हंडे हायेत. त्याच्यात पानी असन."

"आणि तू?"

"मी म्हटलं, किती असन."

"म्हणजे तुला कळलं होतं."

"हो."

"स्वानंदला सांगितलं असतंस तर?"

"नसते गेले."

"काहून नाही सांगितलंस मग?" एरवी घरात कधी न बोललेला तो वऱ्हाडी शब्द तिच्या तोंडून निघाला आणि तिचा आवाज फाटला.

"वहीत माही सही पाह्यजे होती," संघर्ष म्हणाला. याहून दुसरं खरं उत्तर त्याच्याकडं नव्हतं.

ती उठली, खिडकीशी गेली. तिथूनच तिनं विचारलं, "शेवटी काय बोलत होता तो? रजत म्हणाला, माझं नाव घेत होता."

संघर्षला रजतचं खोटं तसंच ठेवता आलं असतं. "हजेरी घेत होते," तो म्हणाला. "वर्गाची. सतरापर्यंत."

तिच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज निघाला आणि मग ती भिंतीला टेकून खाली बसली, तोंडात पदर कोंबून. संघर्षला पुढं जावं की बाहेर, कळेना. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "पोलिसांना हे सांग. लिहून दे. आणि इथं येऊ नको."

त्यानं दुसऱ्याच दिवशी लिहून दिलं. साहेब वैतागले. "मिटलेलं उकरून काढून राह्यले तुम्ही," ते म्हणाले. पण लिहून दिलेला कागद फेकता येत नव्हता. खोटा जबाब दिला म्हणून त्यांनी डोमाजीला बोलावलं आणि दोन दिवस ठाण्याच्या व्हरांड्यात बसवून ठेवलं. मागं शेळ्या पाहायला कोणी नव्हतं; दोन लहान करडं लांडग्यानं नेली. संघर्ष हे कळताच पोडावर गेला. डोमाजी घराबाहेर बाजेवर बसला होता.

"बाबा, चुकलो मी. तुमाले तरास झाला."

"तू खरं बोलला ते बरं केलं," डोमाजी म्हणाला. "पन मले काहून इचारलं नाई पैले? मी तुह्यासाठीच खोटं बोललो होतो. थोडं माह्यासाठी, थोडं तुह्यासाठी."

डोमाजीनं त्याला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. आतून कोणीतरी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तो पिऊन संघर्ष निघाला.

चौकशी सहा-सात महिने रेंगाळली आणि शेवटी त्याच्यावर हलगर्जीपणाचा खटला उभा राहिला. तारखा पडू लागल्या. रजतनं फोन उचलणं बंद केलं. उर्वशी एकदा बँकेबाहेर भेटली, "मला तर अजून झोपेत पाणी दिसतं," एवढंच म्हणाली आणि स्कूटी सुरू करून गेली. इंदूबाईनं लेकाला एकदाच विचारलं, "तुले ठाऊक होतं?" त्यानं होकारार्थी मान हलवली. त्यानंतर ती त्याला जेवायला वाढायची, पण समोर बसायची नाही.

पुढल्या नोव्हेंबरात मितालीचा फोन आला. दहा महिन्यांत पहिल्यांदा.

"मला ती जागा पाहायची आहे. खाली नाही. वरून. तू आणि तो डोमाजी, दोघंही या."

ती भाड्याच्या गाडीनं पोडावर आली. डोमाजी काठी घेऊन पुढं, मध्ये मिताली, मागं संघर्ष. बोरीच्या काट्यांतून, सागाच्या वाळल्या पानांवरून अर्धा तास चालले. मग डोमाजी थांबला आणि काठीनं दाखवलं. जमिनीत एक फट होती, चार हात रुंद. वाकलं की थंड हवा तोंडाला लागायची. दुपारचं ऊन फटीत थोडं आत जाऊन संपत होतं. आणखी वाकून पाहिलं की तळाशी, सरळ खाली, काळं पाणी चकाकत होतं. स्वच्छ दिसत होतं. पलीकडचा आत झुकलेला काठही दिसत होता.

मिताली गुडघ्यांवर बसून पाहत राहिली. डोमाजीनं तिच्या पदराचं टोक हळूच मुठीत धरून ठेवलं, तोल जाऊ नये म्हणून.

"इथून तर सगळं दिसतं," ती म्हणाली. मग मान वळवून तिनं संघर्षकडं पाहिलं. "तू त्या दिवशी इथं उभा होतास ना? तुला हे दिसलं नाही?"

संघर्षनं लिहून दिलेल्या कागदात सगळं होतं. एवढंच नव्हतं.

"मी इतपर्यंत आलोच नव्हतो, वहिनी. बाबा म्हणत होते, चाला दाखवतो. अर्धा घंटा लागते म्हणाले. मी नाई म्हटलं."

मितालीनं डोमाजीकडं पाहिलं. डोमाजीनं खाली बघत होकाराची मान हलवली.

ती उठली. गुडघ्यांची माती झटकली. संघर्षला वाटलं ती आता काही बोलेल, ओरडेल, एखादा दगड उचलून मारेल तरी. "चला बाबा," ती डोमाजीला म्हणाली, आणि दोघं आल्या वाटेनं निघाले. डोमाजी काट्याच्या फांद्या काठीनं बाजूला धरत होता, ती त्यातून वाकून जात होती. संघर्ष त्यांच्यामागं काही अंतर ठेवून चालत राहिला. पोडावर पोचला तोवर तिची गाडी निघून गेली होती.